हरायची मुभा

मुलींचा कबड्डीचा संघ बाहेरगावी न्यायचा तर सोबत एक बाईमाणूस असावं लागतं. आमच्या तालुक्यातल्या बहुतेक शाळांत खेळाचे शिक्षक पुरुष आहेत आणि शिक्षिकांना घर सोडून दोन-तीन दिवस जाणं जमत नाही. मी कॉलेजात असताना कबड्डी खेळले होते, शिवाय संघटनेचं काम करते म्हणजे 'मोकळीच' असणार असा एक समज आहे. त्यामुळे हे बोलावणं बरीच वर्षं माझ्याकडे येतं. मीही आनंदानं जाते.

अशाच एका विभागीय स्पर्धेला काही वर्षांपूर्वी गेले होते. संघातली सगळ्यात चांगली चढाईपटू सोळा वर्षांची, अकरावीत शिकणारी. शालेय कबड्डीत वयोगटाप्रमाणे वजनाची मर्यादा असते. आदल्या दिवशी तिचं वजन थोडं जास्त भरलं. संध्याकाळपासून तिनं काही खाल्लं नाही. पाण्यानं नुसत्या चुळा भरल्या. पहाटे उठून दोन स्वेटर घालून ती मैदानाला फेऱ्या मारत होती. सकाळी काट्यावर उभी राहिली, वजन बसलं. मी तिच्या पाठीवर थाप मारून म्हटलं, "शाब्बास! निम्मा सामना जिंकलीस." तिनं हळूच मला बाजूला घेऊन सांगितलं की पाळीचा दुसरा दिवस आहे, पोटात दुखतंय. मी तिला पॅड दिलं आणि म्हटलं, "आता एवढा सामना काढ."

सामना दुपारी होता. तिला केळी दिली, ग्लुकोजचं पाणी दिलं, पण तिच्या पोटात काही राहिना. शेवटच्या दोन मिनिटांत आम्ही एका गुणानं मागे होतो. ती चढाईला गेली. समोरच्या अंगणात मधोमध पोचली आणि तिचा दम तुटायला लागला. पाय जागच्या जागी थांबले. तिची पकड झाली आणि आम्ही हरलो. एक दिवसाची मजुरी बुडवून तिचे वडील सामना बघायला आले होते. ते रागावले नाहीत. परतताना वडापमध्ये एवढंच म्हणाले, "झालं खेळून. बारावी कर आन घरी बस."

आमचे प्रशिक्षक सर मला म्हणाले, "पोरीच्या अंगात खेळ आहे, पण मन कच्चं. प्रेशर घेता येत नाही." त्या वेळी मला ते पटलं होतं. आज पटत नाही. का पटत नाही, ते मैत्रिणींपुढे मांडावं म्हणून हे लिहिते आहे.

खेळाडूंवरचं दडपण हा विषय अलीकडे बराच बोलला जातो. मोठ्या खेळाडूंसाठी मानसतज्ज्ञ असतात, मन एकाग्र कसं करावं यावर व्याख्यानं होतात. हे चांगलंच आहे. पण त्या सगळ्या बोलण्यात एक गृहीत असतं की दडपण खेळाडूच्या मनात तयार होतं आणि त्यावरचा उपाय तिच्या मनावरच करायचा. मन खंबीर कर, जिद्द ठेव, सकारात्मक विचार कर. आपल्या चळवळीला हा सूर ओळखीचा आहे. नवरा मारतो म्हणून आलेल्या बाईलाही पूर्वी असंच सांगत असत, 'तू मन मोठं कर.'

तालुक्याच्या मैदानावर उतरणाऱ्या मुलीच्या डोक्यावर नेमकं काय काय असतं? मुलगा हरतो तेव्हा तो एक सामना हरतो. घरी चार शब्द ऐकावे लागतात, पण दुसऱ्या दिवशी तो मैदानावर जाणार हे कोणी विचारातही घेत नाही. मुलीला खेळायची परवानगी कायमची मिळालेली नसते. 'या वर्षी खेळ, मग बघू,' अशी ती दर सामन्याला नवी करून घ्यावी लागते. ती पहाटे उठते, पाणी भरते, भाकऱ्या थापायला आईच्या हाताखाली बसते, मग सरावाला पळते. हाफ पॅंट घालून खेळते म्हणून भावकीत बोललं जातं. या सगळ्याची भरपाई म्हणून घराला जिंकणं दाखवावं लागतं. परीक्षेत खेळाचे सवलतीचे गुण मिळतील, पुढं सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे त्यातून पोलिसात लागेल, असा हिशेब आईबापांनी केलेला असतो. त्यांना दोष देऊन उपयोग नाही, गरिबीत तो हिशेब करावाच लागतो. पण सोळा वर्षांच्या मुलीच्या एका चढाईवर शिक्षण, नोकरी, लग्न लांबणं आणि बापाची बुडालेली मजुरी एवढं सगळं लादल्यावर तिचे पाय जड झाले, तर त्याला मनाचा कच्चेपणा कसं म्हणायचं?

यात शरीराचाही भाग आहे आणि त्याबद्दल मैदानावर कोणी बोलत नाही. दडपण आलं की छाती धडधडते, तोंड कोरडं पडतं, हातपाय गार होतात, वारंवार लघवीला लागते. हे सगळ्यांनाच होतं, मुलग्यांनाही. पण आमच्याकडच्या किती मैदानांवर मुलींसाठी धड मुतारी आहे? मुलगे भिंतीमागे जाऊन येतात. मुली सकाळपासून पाणीच पीत नाहीत. दिवसभर उन्हात, बिनपाण्याचं, पोट आवळून बसलेल्या मुलीकडून एकाग्रतेची अपेक्षा करायची आणि ती चुकली की मानसिक तयारी कमी पडली म्हणायचं.

खाण्याचंही तेच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. आपल्या खेळाडू मुली याच घरांतल्या. त्यात वजन उतरवायला उपाशी राहणं. सराव भरपूर आणि खाणं अपुरं असं महिनोन्‌महिने चाललं तर पाळी अनियमित होते किंवा थांबते, हाडं ठिसूळ होतात, चिडचिड आणि उदासी येते. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनं २०१४ साली खेळाडूंमधल्या या ऊर्जेच्या तुटीबद्दल स्वतंत्र निवेदन काढून सावध केलं. आमच्या मैदानावर मात्र पाळी थांबली की मुली खूश होतात, 'बरं झालं, कटकट गेली.' आम्हीही त्यांना कधी सांगितलं नाही की ही डॉक्टरकडे जायची गोष्ट आहे.

ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिसला विनेश फोगाटचं जे झालं ते साऱ्या देशानं पाहिलं. ५० किलो गटात एका दिवसात तीन कुस्त्या जिंकून ती अंतिम फेरीत गेली. पहिल्याच कुस्तीत तिनं जपानच्या युई सुसाकीला हरवलं होतं. रात्रभर व्यायाम करून, केस कापूनही दुसऱ्या दिवशी सकाळी वजन १०० ग्रॅम जास्त भरलं आणि ती बाद झाली. त्या दिवशी घरोघरी हळहळ झाली. माझ्या डोळ्यांपुढे मात्र दोन स्वेटर घालून पळणारी आमची पोर आली. काट्यावर चढायच्या आधी उपाशी राहणं ही फक्त ऑलिंपिकची गोष्ट नाही, ती चौदा-पंधरा वर्षांच्या मुलींपासून सुरू होते आणि आपण तिला जिद्द म्हणतो.

ती मुलगी मला नंतर एकदा आठवडी बाजारात भेटली. कडेवर मूल होतं. मी न राहवून त्या सामन्याचा विषय काढला. मला वाटलं, ती शेवटच्या चढाईबद्दल बोलेल. ती म्हणाली, "ताई, मला त्या दिवसाचं एकच आठवतं. लय भूक लागली होती."

आता दुसऱ्या एका दडपणाबद्दल. संघात कोण खेळणार, कोण बाकावर बसणार, प्रमाणपत्र कोणाला मिळणार, हे प्रशिक्षक ठरवतो. मुलीला बाहेरच्या जगात नेणारा, घरच्यांची समजूत घालणारा तोच असतो. बरेच जण हे काम पदरमोड करून, मनापासून करतात. पण एवढी सत्ता एका माणसाच्या हातात असली आणि त्याच्यावर कोणाचंच लक्ष नसलं, तर काय होऊ शकतं हे आपल्याला वेगळं सांगायला नको. जानेवारी २०२३ मध्ये देशाच्या नामवंत कुस्तीगीर स्त्रियांना लैंगिक छळाच्या तक्रारी घेऊन दिल्लीत जंतरमंतरवर बसावं लागलं. २८ मे रोजी पोलिसांनी त्यांना फरफटत नेलेलं आपण पाहिलं. त्याच महिन्यात अंतर्गत तक्रार समितीच्या प्रश्नावर राष्ट्रीय मानवी हक्क आयोगानं अनेक क्रीडा महासंघांना नोटिसा पाठवल्या होत्या. जगाला पदकं दाखवलेल्या स्त्रियांची ही कथा, तर तालुक्याच्या संघातली मुलगी कोणाकडे जाणार? ती गप्प बसते. सरावाला यायचं टाळते, सामन्यात चुका करते. आणि मग पुन्हा तेच वाक्य, 'पोरीला प्रेशर घेता येत नाही.' कोणत्या दडपणाखाली ती चुकली, हे कोणी विचारत नाही.

आपल्या कार्यकर्त्यांनाही एक गोष्ट फारशी माहीत नाही. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात 'कामाचं ठिकाण' या व्याख्येतच क्रीडासंस्था, क्रीडासंकुल, मैदान आणि स्पर्धेची जागा यांचा उल्लेख आहे. अठरा वर्षांखालच्या मुलींसाठी २०१२ चा पॉक्सो कायदा आहे आणि अशा गुन्ह्याची माहिती असणाऱ्यानं ती पोलिसांना कळवणं त्यात बंधनकारक आहे. २०२५ साली संसदेनं राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा केला. त्यात महासंघांच्या कार्यकारिणीत किमान चार स्त्रिया असाव्यात आणि स्त्रिया व अल्पवयीन खेळाडूंच्या सुरक्षिततेचं धोरण असावं, अशी तरतूद आहे. पण दिल्लीतल्या कार्यकारिणीत चार स्त्रिया बसल्या म्हणून तालुक्याच्या जीपमध्ये फरक पडेल असं नाही. तो आपण पाडायला हवा.

आमच्या बैठकीत हा विषय मांडला तेव्हा एका जुन्या मैत्रिणीनं वेगळाच मुद्दा काढला. ती म्हणाली, "आपण स्पर्धेच्याच विरोधात असायला हवं. जिंकणं, मात करणं, कोणाला तरी खाली पाडणं ही पुरुषी मूल्यं. मुलींना त्यात कशाला ढकलायचं? सगळ्यांनी मिळून खेळायचे खेळ घेऊया." मला तिचं म्हणणं काही अंशी पटतं. आठ-नऊ वर्षांच्या मुलांच्या स्पर्धा आणि त्यांच्या नावाचे फ्लेक्स लावणं बंद व्हायला हवं. पण पंधरा-सोळा वर्षांच्या ज्या मुली स्वतःहून मैदानावर येतात, त्यांना स्पर्धा हवी असते. भर मैदानात मोठ्यानं ओरडणं, हात पसरून उभं राहणं, समोरच्या दणकट मुलीचा पाय धरून तिला रोखणं, जिंकल्यावर एकमेकींच्या अंगावर पडून हसणं, हे त्यांना दुसरीकडे कुठं करायला मिळतं? त्रास होतो म्हणून त्यांची स्पर्धा काढून घेतली तर आपणही घरच्यांसारखंच वागलो, 'तुला जपायचं म्हणून बाहेर पाठवत नाही.' मला वाटतं, मुलींना स्पर्धा हवी आणि तिच्यासोबत हरायची मुभाही हवी. हरलीस तरी उद्या सरावाला यायचंस, शाळा सुटणार नाही, ताट वाढलेलं असेल, एवढी खात्री. ती असली तर दडपण पेलवतं. मोठ्या सामन्याची धाकधूक मग राहतेच, पण ती खेळातली धाकधूक असते आणि तिच्यातही एक मजा आहे.

मोठ्या खेळाडूंकडूनही हेच दिसतं. ३० ऑक्टोबर २०२५ ला नवी मुंबईत विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात जेमिमा रॉड्रिग्जनं ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद १२७ धावा केल्या. त्याच स्पर्धेत तिला एका सामन्यातून वगळलं होतं. सामन्यानंतर तिनं उघडपणे सांगितलं की स्पर्धेच्या सुरुवातीला तिला चिंतेचा खूप त्रास होत होता, आईला फोन करून ती रडत असे, संघातल्या मैत्रिणींनी तिला सांभाळलं. ती एकटीनं मन खंबीर करून उभी राहिली नव्हती. तिला रडू देणारी माणसं तिच्या भोवती होती. अमेरिकेची जिम्नॅस्ट सिमोन बाइल्स २०२१ साली टोकियोत सांघिक अंतिम फेरीतून मध्येच बाहेर पडली. हवेत असताना शरीराचा अंदाज येत नव्हता, तशीच उडी मारली असती तर मान मोडली असती. तिच्यावर टीकाही झाली. २०२४ ला पॅरिसमध्ये तिनं तीन सुवर्णपदकं जिंकली आणि मग सगळ्यांना तिचा निर्णय शहाणपणाचा वाटला. मला प्रश्न पडतो, ती परत जिंकली नसती तर? जिंकलेल्या बाईचं दुःख ऐकून घेतलं जातं. आमची पोर हरली होती, तिला कोणी विचारलंसुद्धा नाही.

गेली काही वर्षं आम्ही गावातल्या मैदानावर रविवारी सकाळी मुलींबरोबर बसतो. त्यात फार शास्त्र नाही, पण अनुभवातून जे हाती लागलं ते सांगते.

सामन्याच्या आदल्या दिवशी गोलात बसून प्रत्येकीला एकच प्रश्न विचारतो, "उद्या तुझ्याबरोबर मैदानात काय काय येणार आहे?" पहिल्यांदा सगळ्या हसल्या. मग एक म्हणाली, "चुलत्याचं बोलणं येणार आहे." दुसरी म्हणाली, "माझ्या बुटांची उधारी." एकीचं ऐकून दुसरीला बोलता आलं आणि आपल्या एकटीचंच असं नाही हे कळलं. आपल्या गटांत आपण वर्षानुवर्षं हेच केलं आहे, मैदानावर ते न्यायचं एवढ्या उशिरा सुचलं.

श्वासाचंही शिकवतो. श्वास घेतला त्यापेक्षा जास्त वेळ लावून सोडायचा, असं चार-पाच वेळा. कबड्डीच्या मुलींना हे पटकन जमतं, कारण त्यांचा खेळच दमाचा आहे. चढाईला जाण्यापूर्वी प्रत्येकीनं आपली एक छोटी सवय ठरवायची. कोणी मातीला हात लावते, कोणी वेणी घट्ट करते. गुणफलकाकडे बघायचं नाही, पुढच्या एका चढाईपुरता विचार करायचा. ही सवय सरावात रोज केली तरच सामन्यात उपयोगी पडते.

सामना संपल्यावर आधी पाणी आणि खाणं, मग बोलणं. हरल्याची चिरफाड त्याच रात्री करायची नाही. पहिला प्रश्न 'कुठं लागलं का?' आणि दुसरा 'आज काय जमलं?' उपाशी राहून वजन उतरवायचं नाही. वजन बसत नसेल तर मुलगी त्या गटात खेळणार नाही, खुल्या स्पर्धेत खेळेल, हे हंगामाच्या आधीच ठरवतो. पाळीची नोंद मुली स्वतः ठेवतात. लागोपाठ तीन महिने आली नाही तर डॉक्टरकडे न्यायचं.

आणि पालकांची बैठक. तिथे आम्ही सांगतो की निकाल काहीही लागो, या वर्षी मुलीचं खेळणं आणि शिकणं थांबणार नाही एवढा शब्द द्या. एका बैठकीत एक आई उठून म्हणाली, "ताई, हरलीस तरी चालंल असं आम्हाला कुणी कधी म्हणलं का?" सगळ्या गप्प झाल्या. त्या दिवशी मुलींचा विषय बाजूला राहिला आणि आयाच बोलत राहिल्या.

या सगळ्यानं आमचा संघ जिंकायला लागला असं सांगता येत नाही. गेल्या हंगामात आम्ही जिल्ह्यालाच हरलो. दोन मुलींनी मध्येच खेळ सोडला. 'तुम्ही पोरींना लाडावून ठेवता,' असं एक प्रशिक्षक तोंडावर बोलले. पण हरल्याच्या सोमवारी बाकी साऱ्या सरावाला हजर होत्या. मला ते पुरेसं वाटतं.

सगळंच गटात बसून सुटत नाही. मुलीला झोप लागत नसेल, खाणं तुटलं असेल, ती स्वतःला इजा करून घेत असेल किंवा जगायची इच्छा नाही असं बोलत असेल, तर खेळ बाजूला ठेवून तिला समुपदेशक किंवा मानसोपचार डॉक्टरांकडे न्यायचं. सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे, बालकांसाठी १०९८ आहे. हे दोन्ही क्रमांक मुलींच्या वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवा.

मैत्रिणींनो, आपण पोलीस ठाण्यात जातो, न्यायालयात जातो, रेशनच्या दुकानावर मोर्चा नेतो. मैदान मात्र आपण खेळवाल्यांचं म्हणून सोडून दिलं आहे. शालेय स्पर्धांचा हंगाम पावसाळ्यात सुरू होतो. दोघी-तिघींनी मिळून एक दिवस काढा आणि तालुक्याच्या मैदानावर जाऊन बसा. संघाबरोबर स्त्री व्यवस्थापक आहे का, तक्रार कोणाकडे करायची हे मुलींना माहीत आहे का, त्या सकाळपासून काय खाऊन आल्या आहेत, हे विचारा. पण सगळ्यात आधी मुलींची मुतारी कुठं आहे ते विचारा आणि आत जाऊन पाणी आहे का ते बघून या.